पंट कव्हरेजचा एक सशुल्क ऑनलाइन अभ्यासक्रम: पहिला भाग उत्तम, पुढे घसरण

अमेरिकन फुटबॉलमधील पंट कव्हरेज, म्हणजे चेंडू लाथेने दूर प्रतिस्पर्ध्याकडे धाडल्यावर (पंट) तो झेलणाऱ्याला रोखायला धावणे, या एकाच विषयाला वाहिलेला हा सशुल्क चित्रफीत-अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. महाविद्यालयीन आणि व्यावसायिक खेळातील फरक हा त्याचा गाभा आहे. तो फरक समजावणारा पहिला भाग इतका चांगला जमला आहे की पुढच्या भागांतील ढिलाई अधिकच खटकते.

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, चेंडूला लाथ बसण्यापूर्वी पंट करणाऱ्या संघाच्या दोन टोकांवरच्या खेळाडूंनाच, म्हणजे गनरना, पुढे धाव घेता येते. बाकीच्यांना लाथ बसेपर्यंत लाइन ऑफ स्क्रिमेजपाशी (खेळी जेथून सुरू होते त्या रेषेपाशी) थांबावे लागते आणि कोणी आधीच सुटला तर पाच यार्डांचा दंड होतो. १९७४ साली आलेला हा निर्बंध महाविद्यालयीन खेळात नाही. तेथे स्नॅप होताच, म्हणजे चेंडू मागे पंटरकडे (लाथ मारणाऱ्याकडे) फेकला जाताच, सगळेच धावू शकतात आणि म्हणूनच तेथे शील्ड रचना फोफावली: पुढच्या फळीतले खेळाडू ओझरते अडवून निघून जातात, आणि पंटरचे रक्षण त्याच्या पुढे उभ्या राहिलेल्या तीन धिप्पाड खेळाडूंवर सोपवले जाते. व्यावसायिक संघ ही रचना का स्वीकारत नाहीत, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तरही येथे नेमके मिळते. पुढच्या फळीला लवकर निघताच येत नसेल, तर तिचे अडवणे सैल करून हाती काहीच लागत नाही, उलट पंट अडवला जाण्याचा धोका मात्र वाढतो. एकच खेळी दोन्ही नियमांनुसार शेजारीशेजारी संथ गतीने दाखवण्याची कल्पना फार उपयुक्त आहे.

गनरवरचा भागही चांगला आहे. एनएफएलमध्ये आधी सुटणारे दोघेच असल्यामुळे प्रतिस्पर्धी त्यांच्यापैकी एकेकावर दोन-दोन खेळाडू घालतात, आणि त्या कचाट्यातून सुटणे हे स्वतंत्र कौशल्य ठरते. स्टीव्ह टास्कर सात वेळा आणि मॅथ्यू स्लेटर दहा वेळा प्रो बोलसाठी (एनएफएलच्या निवडक खेळाडूंच्या सन्मानाच्या स्पर्धेसाठी) निवडले गेले, ते प्रामुख्याने अशाच कामगिरीवर. बाकीचे उशिरा निघत असल्याने पंटरला चेंडू बराच वेळ हवेत ठेवावा लागतो. डिसेंबर २०१० मध्ये जायंट्स संघाचा पंटर मॅट डॉज याचा सपाट पंट सीमेबाहेर न जाता मैदानातच राहिला आणि ईगल्सच्या डिशॉन जॅक्सनने ६५ यार्ड धावत सामना संपवला. हे उदाहरण योग्य जागी आले आहे.

रग्बी पद्धतीच्या, म्हणजे बाजूला धावत मारलेल्या, पंटपासून मात्र घसरण सुरू होते. ती ऑस्ट्रेलियन लोकांची लकब असल्याप्रमाणे दोन वाक्यांत निकालात काढली आहे. टॉम हॅकेट, मिच विश्नाउस्की आणि मायकेल डिक्सन या ऑस्ट्रेलियनांनी २०१४ ते २०१७ अशी सलग चार वर्षे महाविद्यालयीन पंटरसाठीचा रे गाय पुरस्कार पटकावला, तो काही लकबीवर नव्हे. पंटर बाजूला धावत जेवढा वेळ काढतो, तेवढा वेळ आधीच सुटलेल्या कव्हरेजच्या पदरात पडतो. म्हणजे हा डाव त्याच मूळ नियमाचे अपत्य आहे, आणि तेच येथे सांगायचे राहिले. टॅकल बॉक्सच्या (पुढच्या फळीच्या मागच्या चौकोनी भागाच्या) बाहेर चेंडू नेल्यावर महाविद्यालयीन पंटर धडकेपासूनचे आपले विशेष संरक्षण गमावतो, याचाही उल्लेख नाही.

त्याहून गंभीर बाब म्हणजे महाविद्यालयीन खेळात झेल घेणाऱ्याभोवती दोन यार्डांचे संरक्षित वर्तुळ असते, असे येथे ठामपणे शिकवले आहे. तो नियम २००३ मध्येच रद्द झाला. आता झेल घेण्याची निर्वेध संधी देणे बंधनकारक आहे आणि त्यात अडथळा आणल्यास १५ यार्डांचा दंड आहे. त्या कालबाह्य वर्तुळावर बेतलेला सराव करणारा खेळाडू विनाकारण दूर थांबेल. प्रशिक्षकांसाठी विकल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमात ही चूक अक्षम्य आहे.

हॅशमार्कचा, म्हणजे खेळी मैदानाच्या रुंदीत कोठून सुरू होणार हे ठरवणाऱ्या खुणांच्या दोन ओळींचा, विषय तर पूर्णच सुटला आहे. महाविद्यालयीन मैदानावर त्यांच्यातील अंतर ४० फूट, तर एनएफएलमध्ये साडेअठरा फूट असते, आणि चेंडू कोणत्या कडेला ढकलायचा याचे गणित त्यावर बदलते. भाग सुटे विकत मिळत असते, तर पहिला आणि गनरवरचा असे दोनच घ्यावेत, असे मी सुचवले असते. पूर्ण संच घ्यावा, असे सध्या म्हणवत नाही.