दिल्लीची जुनी 320डी : दोन वर्षांनंतर

मार्च 2023 मध्ये मी दिल्लीहून बीएमडब्ल्यू 320डी घेतली. 2014 चं मॉडेल, मीटरवर 68 हजार, साडेनऊ लाखांना. ग्वाल्हेरात अशा दिल्ली पासिंगच्या गाड्या बऱ्याच येतात. तिथे डिझेल गाडीला 10 वर्षांची मुदत घातली गेली, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानंही ती उचलून धरली. त्यामुळे तेव्हा नवव्या वर्षी मालक गाडी विकायला काढायचा आणि भाव उतरायचा. ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागात तीन-चार घरांतून मला ‘घ्यावी का?’ असं विचारून झालंय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

ही घेण्याआधी एक पांढरी पाहिली होती आणि ती माझ्या मनात भरली होती. सकाळी सातला पोचलो. बरोबर आमचे उस्ताद होते, ट्रान्सपोर्ट नगरातले मिस्त्री. त्यांनी ना टायर पाहिले, ना रंग. सरळ जाऊन बॉनेटवर तळहात ठेवला आणि मला म्हणाले, “दीदी, आप भी रखिए.” पत्रा कोमट होता. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सातला कोमट कशी? विकणारा म्हणाला, जरा पुढेमागे केली होती. “ठीक आहे, उद्या येतो, तोवर चालू करू नका,” म्हटल्यावर त्याची टाळाटाळ सुरू झाली. आम्ही उलट पावली निघालो.

उस्तादांचा हा हट्ट का, ते तेव्हा कळलं. या गाडीतल्या एन47 इंजिनाची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनातले भाग एका तालात फिरवणारी साखळी, मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. ती सैल झाली असेल तर गार इंजिन चालू करताना पहिले दोन-तीन सेकंद खुळखुळ ऐकू येते. आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनात ती लपून जाऊ शकते. चेन बदलायची तर गिअरबॉक्स तरी उतरवा, नाहीतर अख्खं इंजिन बाहेर काढा. उस्तादांनी दीड-दोन लाख सांगितले. आणि चालत्या गाडीत तुटली तर इंजिनच हातचं गेलं.

मी घेतलेली गाडी एका सोसायटीच्या तळघरात उभी होती. काचेवर धूळ, बॉनेट गार. उस्तादांनी मला बॉनेटच्या मागच्या कडेशी, वायपरजवळ कान द्यायला लावला आणि मग स्टार्टर मारला. डिझेलची नेहमीची घरघर, बाकी काही नाही. त्यानंतर सगळे सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून पाहिले. पुरात बुडालेल्या गाडीची सीट धुतात, कार्पेट बदलतात, पण पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहून जाते. टायरवरचे चार आकडेही वाचा : 1119 म्हणजे 2019 चा अकरावा आठवडा. माझे दोन टायर 2016 चे निघाले. ही गाडी रनफ्लॅटवर, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणाऱ्या टायरांवर चालते, माझ्या गाडीत स्टेपनीच नाही, तेव्हा जुने टायर म्हणजे थेट खिशाला चाट. आणि किलोमीटर फक्त मीटरवर बघू नका. बीएमडब्ल्यूच्या किल्लीतही आकडा साठतो, सर्व्हिस सेंटरमध्ये तो वाचता येतो. माझा जुळला.

फसले ते कागदात. आरसीवर बँकेचं नाव होतं. कर्ज फिटलेलं, बोजा उतरवलेला नाही. मधल्या माणसानं “हो जाएगा” म्हणत आगाऊ पैसे घेतले आणि नंतर फोन उचलेना. बँकेचं पत्र, बोजा उतरवायचा फॉर्म 35, मग कुठे दिल्लीच्या आरटीओची एनओसी. सात आठवडे गाडी अंगणात झाकून ठेवली होती, आणि रोज सकाळी ते कव्हर बघून माझा जीव तुटायचा. बोजा उतरलेली आरसी हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका, हे मी अगदी कळकळीनं सांगते. एमपी-07 नंबरासाठी इथला टॅक्स वेगळा भरावा लागतो, तोही भावात धरा.

गाडी कशी आहे? आग्र्याच्या रस्त्याला लागली की मन प्रसन्न होतं. हायवेला सोळा-सतरा देते, शंभरावर आत शांतता. किल्ल्यावर जाताना उरवाई गेटच्या चढावर झेडएफ कंपनीच्या आठ गिअरांच्या गिअरबॉक्सनं गिअर कधी बदलला ते पोटातलं पाणी हलू न देता कळतं, म्हणजे फक्त काट्यावरून. दौलतगंजच्या गल्ल्यांत मात्र नेऊ नका, आणि रनफ्लॅटमुळे खड्डा थेट कमरेत बसतो. सासूबाई मागे बसत नाहीत.

गिअरबॉक्सचं ऑईल ‘आयुष्यभराचं’ असं सांगतात, त्यावर विसंबू नका. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफच ते ठरावीक किलोमीटरनंतर बदलायला सांगते. मी 82 हजारांवर बदललं. फिल्टर खालच्या प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, त्यामुळे अख्खं पॅन नवं घ्यावं लागलं. जुनं ऑईल उस्तादांनी पांढऱ्या कागदावर ओतून दाखवलं, काळंकुट्ट होतं.