डीएनइझी ब्लड अँड टिश्यू किट: कॉलम चोख, पण सुरुवात आणि शेवट तुमच्या हातात

प्राण्यांची ऊती, रक्त किंवा संवर्धनात वाढवलेल्या पेशी यांतून पीसीआरसाठी (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्रासाठी) स्वच्छ डीएनए हवा असेल, तर कायाजेन कंपनीचं हे किट डोळे झाकून घ्यावं. फिनॉल-क्लोरोफॉर्मची वाफ नाही, थरांमधून जपून द्रव उचलणं नाही. ऊती नीट विरघळली की पुढचं काम अर्ध्या-पाऊण तासात संपतं. तरीही या किटमधून डीएनए कमी आला किंवा पीसीआर चाललं नाही, अशी तक्रार ठिकठिकाणी ऐकू येते. बहुतेक वेळा दोष कॉलमचा नसतो. नमुना किती घेतला, इथेनॉल कुठलं घातलं आणि शेवटी डीएनए कसा सोडवला, या तीन जागा तपासाव्यात.

कॉलम म्हणजे सिलिकाचा पडदा बसवलेली छोटी नळी. तो काय करतो ते आधी पाहू. डीएनएच्या कण्यातले फॉस्फेट गट ऋणभारित असतात, सिलिकाचा पृष्ठभागही ऋणभारित. साध्या पाण्यात दोन्ही एकमेकांना लांब ठेवतात. ग्वानिडीन हायड्रोक्लोराइड या क्षाराचं प्रमाण वाढलं की दोघांभोवतीचं पाण्याचं कवच निघतं, आणि इथेनॉलच्या साथीने डीएनए सिलिकाला चिकटतो. क्षार धुऊन टाकले आणि किंचित अल्कधर्मी, कमी क्षाराचं बफर दिलं की तो सुटतो. किटमधलं प्रत्येक बफर या साखळीतली एकच कडी सांभाळतं, म्हणून एएल (डीएनए चिकटण्याची तयारी करणारं) आणि एटीएल (ऊती विरघळवणारं) यांची अदलाबदल खपत नाही. बाटल्यांवरची नावं इतकी सारखी आहेत की झाकणांवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेलं बरं.

ऊतीसाठी कृती अशी: जास्तीत जास्त २५ मिलिग्रॅम, बारीक चिरलेली. प्लीहेत पेशी दाटीने असतात, म्हणून तिथे १० मिलिग्रॅमच. त्यावर १८० मायक्रोलिटर एटीएल आणि २० मायक्रोलिटर प्रोटिनेझ-के (प्रथिनं तोडणारं विकर), मग ५६ अंश सेल्सिअसला, तुकडे दिसेनासे होईपर्यंत. बहुतेक ऊतींना एक ते तीन तास लागतात, उंदराच्या शेपटीला रात्रभर ठेवणं सोयीचं. एटीएलमध्ये एसडीएस हा साबणासारखा पदार्थ आहे. थंडीत बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ५६ अंशांवर तो विरघळवूनच वापरावं. नमुना विरघळल्यावर १५ सेकंद व्हॉर्टेक्स (यंत्रावर नळी जोरात घुसळणं), २०० मायक्रोलिटर एएल, पुन्हा व्हॉर्टेक्स, मग २०० मायक्रोलिटर इथेनॉल आणि लगेच पुन्हा व्हॉर्टेक्स. इथे कधी पांढरा साका येतो. तो टाकायचा नाही. सगळं मिश्रण साक्यासकट कॉलमवर घ्यायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, म्हणजे द्रव खाली उतरतो आणि डीएनए पडद्यावर राहतो.

नमुना जास्त घेतला तर डीएनए जास्त मिळेल, हा समज काही केल्या जात नाही. ३५-४० मिलिग्रॅम घातले की प्रोटिनेझ पुरं पडत नाही, द्रव लाळेसारखा चिकट होतो, पडदा तुंबतो, आणि हाती २५ मिलिग्रॅमपेक्षाही कमी डीएनए येतो, तोही प्रथिनं मिसळलेला. कॉलममधून द्रव उतरत नसेल तर सेंट्रिफ्यूजचा वेग वाढवण्याआधी वजनकाट्याकडे पाहावं.

रक्ताचा हिशोब वेगळा. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशींना केंद्रक नसतं, त्यामुळे सगळा डीएनए पांढऱ्या पेशींतून येतो. ५० ते १०० मायक्रोलिटर रक्त लागतं. पक्षी, मासे, बेडूक यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, म्हणून ५ ते १० मायक्रोलिटर पुरे. किती डीएनए अपेक्षित आहे, हेही आधी काढता येतं. माणसाच्या एका पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. मायक्रोलिटरला ७,००० पांढऱ्या पेशी धरल्या तर १०० मायक्रोलिटरमध्ये सात लाख पेशी, म्हणजे साधारण ४.६ मायक्रोग्रॅम. कॉलमवरून २०० मायक्रोलिटर बफरमध्ये उतरवला तर तीव्रता जेमतेम २३ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर. यंत्राने इथे ८० दाखवलं तर आनंद मानू नये, आकडा संशयास्पद आहे. रक्त गोठू नये म्हणून ते ईडीटीएच्या नळीत घ्यावं. हेपरिन हे दुसरं गोठणरोधक डीएनएसोबत राहिलं तर पीसीआर अडवतं.

धुण्याची दोन्ही बफरं, एडब्ल्यू-१ आणि एडब्ल्यू-२, संहत स्वरूपात येतात आणि पहिल्या वापराआधी त्यांत ९६ ते १०० टक्के इथेनॉल मिसळावं लागतं. ५० नमुन्यांच्या किटमधल्या १३ मिलिलिटर एडब्ल्यू-२ मध्ये ३० मिलिलिटर इथेनॉल गेलं की ते जवळजवळ ७० टक्के होतं. कोणी हे विसरलं तर धुतानाच डीएनए सिलिकावरून सुटतो आणि कचऱ्याच्या नळीत जातो. शेवटी हातात स्वच्छ, रिकामं बफर. इथेनॉल मिसळल्यावर बाटलीवरच्या चौकोनात खूण करायची सवय सगळ्या प्रयोगशाळेला लावावी. मिथेनॉल वगैरे घातलेला विकृत अल्कोहोल चालत नाही.

एडब्ल्यू-१ नंतर ६,००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या ६,००० पट) एक मिनिट फिरवणं पुरतं. एडब्ल्यू-२ नंतर मात्र २०,००० जी वर पूर्ण तीन मिनिटं द्यायचीच. पडद्यात इथेनॉल उरलं तर जेलच्या खाचेत नमुना तळाशी बसत नाही, वर तरंगून निघून जातो, आणि पीसीआरही मंदावतं. कॉलम उचलताना त्याचं टोक खालच्या द्रवाला लागलं, तर नळी बदलून आणखी एक मिनिट फिरवावं.

शेवटचं एई बफर म्हणजे १० मिलिमोलर ट्रिस, ०.५ मिलिमोलर ईडीटीए, पीएच ९.०. ईडीटीए पीसीआरला लागणारं मॅग्नेशियम पकडतं म्हणून काही जण पाणी वापरतात. त्याची गरज नाही: २५ मायक्रोलिटरच्या पीसीआरमध्ये ५ मायक्रोलिटर नमुना घातला तर ईडीटीए ०.१ मिलिमोलरच होतं, आणि मॅग्नेशियम सहसा १.५ मिलिमोलर असतं. उलट पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून आम्लधर्मी होतं. त्यात डीएनए पडद्यावरून नीट सुटत नाही आणि साठवणीत हळूहळू तुटतो. २०० मायक्रोलिटर एई पडद्याच्या बरोबर मध्यावर सोडावं, एक मिनिट थांबावं, मग फिरवावं. १०० मायक्रोलिटर दिलं तर तीव्रता वाढते, एकूण डीएनए घटतो. दुसऱ्यांदा उतरवताना वेगळी नळी घ्यावी, नाहीतर कॉलमचं टोक आधीच्या द्रवात बुडतं.

डीएनए किती प्रकाश शोषतो यावरून शुद्धता मोजताना कोरं वाचन (ब्लँक) एई बफरवरच घ्यावं. २६०/२८० गुणोत्तर (२६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचं) १.८ च्या आसपास आलं तर ठीक. २६०/२३० खाली घसरलं असेल तर ग्वानिडीन राहिलं आहे. एडब्ल्यू-२ ने आणखी एकदा धुतलं की बहुधा सुधारतं. यकृत आणि मूत्रपिंडात आरएनए भरपूर असतो आणि तो याच वाचनात मिसळतो. त्यासाठी १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं आरएनेझ-ए (आरएनए तोडणारं विकर), ४ मायक्रोलिटर, एएल घालण्याआधी दोन मिनिटं. ते डब्यात येत नाही, वेगळं घ्यावं लागतं, आणि या किटबद्दल आमची खरी नाराजी हीच आहे. दुसरी, प्रत्येक नमुन्यामागे तीन संग्राहक नळ्या कचऱ्यात जातात.

मर्यादा स्पष्ट आहेत. पडदा आणि सेंट्रिफ्यूज यांच्या ओढाताणीत डीएनए तुटतो; तुकडे बहुतांशी २० ते ३० किलोबेसचे (म्हणजे २० ते ३० हजार बेस-जोड्यांचे), फार तर ५० चे. पीसीआरला ते भरपूर झाले, पण लांब वाचनाच्या सिक्वेन्सिंगसाठी हे किट घेऊ नये. वनस्पतींच्या पॉलिसॅकराइड आणि फिनॉलिक द्रव्यांपुढेही ते टिकत नाही, तिथे सीटॅब या डिटर्जंटची पद्धत बरी. ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणूंची भिंत फोडायला आधी ३७ अंशांवर निदान अर्धा तास लायसोझाइम (भिंत तोडणारं विकर) द्यावं लागतं, आणि तेही स्वतः बनवावं लागतं.

आणि एएल किंवा एडब्ल्यू-१ चा कचरा ब्लीचच्या बाटलीत कधीही ओतू नये. ग्वानिडीन आणि ब्लीच मिळून विषारी वायू तयार होतात. सांडलं तर साबण-पाण्याने पुसावं, आणि या द्रवासाठी वेगळा, नाव लिहिलेला डबा ठेवावा.