काळ्या मातीतला सोनटक्का: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

न्हाणीमागच्या सावलीच्या, सदा ओल्या पट्ट्यासाठी रोपवाटिकेतून ४० रुपयांना एक या भावाने आणलेल्या सोनटक्क्याच्या कंदांपैकी निम्मे या पावसाळ्यात कुजले आणि विक्रेत्याने ते बदलून देण्यास साफ नकार दिला. ‘याला पाणी कितीही चालते’ असे सांगून त्याने ते विकले होते. हे वाक्य यवतमाळकडच्या काळ्या मातीला मुळीच लागू पडत नाही. ही चिकण माती पाण्याने फुगते, तिच्यातील हवेच्या पोकळ्या मिटतात आणि झड लागली की पाणी मुळांभोवती अडून राहते. सोनटक्क्याला ओल हवी असते, पण हवा कोंडलेल्या चिखलात त्याचा कंद बुडापासून मऊ पडून सडतो. सपाट जमिनीत लावलेले कंद असेच गेले. वीतभर उंच वरंब्यावर लावलेले मात्र सगळे तगले. वरंब्यात कुजलेला पालापाचोळा आणि जुने शेणखत भरपूर घालावे, कारण मूठभर रेती मिसळून चिकण माती मोकळी होत नाही. सावलीत फुलणारे कोणतेही कंदवर्गीय झाड आणण्याआधी खर्च करायचा तो या वरंब्यावर, असे माझे ठाम मत आहे.

मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला तेव्हा हे झाड आपल्या भागाचे नव्हेच, असे मी ठरवून टाकले होते. सावली ऊन अडवते, गरम वारा अडवत नाही. पानांच्या कडा करपल्या आणि काही दांडे पार वाळले. मृगाच्या पावसानंतर त्याच कंदांतून नवे कोंब आल्यामुळे ते मत बदलावे लागले. शेजारी लावलेली पीस लिली गर्द सावलीत जगली, पण फुलली फारच कमी.

भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या सुमारास, सोनटक्का फुलला आणि संध्याकाळी उमलणाऱ्या त्या पांढऱ्या फुलांचा सुगंध थेट ओसरीपर्यंत आला. एक फूल जेमतेम दिवसभर टिकते, परंतु तुऱ्यातून रोज नवी फुले निघत राहतात. एक दांडा एकदाच फुलतो, म्हणून बहर सरल्यावर तो बुडापासून कापावा. कंद आता बाजूला पसरू लागले आहेत. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी डोळे राखून त्यांचे तुकडे करीन, त्यामुळे नवे विकत घेण्याचा प्रश्नच उरत नाही. शेजारणींनी आतापासूनच मागणी नोंदवली आहे, आणि ज्यांचा वरंबा तयार असेल त्यांनाच ते मिळतील.