जुनाट जुलाबातील परजीवी: स्लाइड की पीसीआर?

एचआयव्हीबाधित किंवा मूत्रपिंड-प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाचे जुलाब महिना उलटला तरी थांबत नाहीत, तेव्हा शौचाचा नमुना स्लाइडवर पाहावा की पीसीआरला (डीएनएवरून परजीवी ओळखणाऱ्या चाचणीला) लावावा, हा प्रश्न लहान प्रयोगशाळेपुढे येतोच. मी दोन्ही पद्धतींनी काम केले आहे.

किन्यून स्टेनविषयी (हे परजीवी स्लाइडवर लाल रंगवणाऱ्या पद्धतीविषयी) माझी फारशी तक्रार नाही. सिस्टोआयसोस्पोरा या परजीवीचे (आम्ही अजून आयसोस्पोराच म्हणतो) लांबट, मोठे ऊसिस्ट (शौचात सापडणारी कवचधारी रूपे) नवख्यालाही ओळखू येतात आणि क्रिप्टोस्पोरिडियमचे ४ ते ६ मायक्रोमीटरचे लालसर गोल सरावाने नजरेत बसतात. खर्चही किरकोळ.

माझे मत बदलले ते मायक्रोस्पोरिडिया या अतिसूक्ष्म परजीवींमुळे. यांचा बीजाणू जेमतेम १ ते २ मायक्रोमीटरचा. वेबरच्या क्रोमोट्रोप स्टेनमध्ये (हे बीजाणू गुलाबी रंगवणाऱ्या पद्धतीत) त्याच्या मधोमध आडवा पट्टा दिसला तर खात्री पटते; पण तो दिसेपर्यंत ऑइल इमर्शनखाली फाइन फोकस मागेपुढे करत फील्डमागून फील्ड पाहावे लागते, आणि आसपासचे गुलाबी जिवाणू व यीस्ट सतत चकवतात. एका संध्याकाळी मी ‘आहे’ म्हटले, सहकारी मॅडम ‘नाही’ म्हणाल्या, आणि तेवढ्यात वॉर्डातून फोन आला: ‘अल्बेंडाझोल सुरू करू का?’ आमचे एकमत झाले असते तरी उत्तर देता आले नसते, कारण मायक्रोस्पोरिडियापैकी एन्सेफॅलिटोझून हा प्रकार अल्बेंडाझोल या औषधाला दाद देतो, एन्टेरोसायटोझून सहसा देत नाही, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दोघांतला फरक कळत नाही. पीसीआरमध्ये तो प्रजातीच्या नावानिशी कळतो.

अर्थात पीसीआरचेही नखरे आहेत. फॉर्मालिनमध्ये ठेवलेला नमुना आला की डीएनए हाती लागणे कठीण. शौचातील पित्तक्षार अभिक्रिया रोखू शकतात, म्हणून इंटर्नल कंट्रोलशिवाय (अभिक्रिया नीट चालली हे दाखवणाऱ्या जोड-तपासणीशिवाय) ‘निगेटिव्ह’ लिहू नये. आणि ऊसिस्टचे टणक कवच मणी घालून फोडल्याशिवाय किंवा गोठवून-वितळवून घेतल्याशिवाय क्रिप्टोस्पोरिडियमही निसटू शकतो. शिवाय तयार मल्टिप्लेक्स पॅनेल (एकाच वेळी अनेक जंतू शोधणारा संच) घेणार असाल तर यादी नीट वाचावी: काहींमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम व सायक्लोस्पोरा असतात, पण आयसोस्पोरा आणि मायक्रोस्पोरिडिया नसतात, म्हणजे आपल्या रुग्णांसाठी हवे तेच नेमके गळालेले.

तुमच्याकडे असे नमुने महिन्याकाठी एखाद-दुसरेच येत असतील, तर यंत्राचा खर्च कदाचित पटणार नाही. आमच्याकडे प्रत्येक नमुन्याची किन्यून स्लाइड आजही होते. वेबर स्टेनची बाटली मात्र वर्षभरात उघडलेली नाही.