पाणबुडीच्या खेळात आचारी ठेवावा की आणखी एक मेकॅनिक?

घणसोलीच्या खोलीत लॅपटॉपवर गस्त आखताना हा हिशेब आधी करा. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन टाइप ७सी पाणबुडी ६७ मीटरची, म्हणजे ठाण्याच्या लोकलच्या तीन डब्यांहून जराशी लांब. त्यात ४४ ते ५२ माणसं.

मेकॅनिकचा फायदा लगेच दिसतो: डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) पडले, पाणी शिरलं की दुरुस्तीला एक हात जास्त. आचाऱ्याचा फायदा उशिरा कळतो आणि तोही खेळात मनोबल मोजलं जात असेल तरच. ‘सायलेंट हंटर ३’मध्ये थकवा आहे, पण आचाऱ्याची भूमिकाच नाही, तिथे प्रश्न मिटला. ‘यूबोट’मध्ये अन्नसाठा आणि शिस्त दोन्ही सांभाळावे लागतात, म्हणून लांब गस्तीवर आचारी घ्या. ताजा माल आधी संपवा, डबाबंद माल नंतरसाठी ठेवा. खऱ्या पाणबुडीवरही पाव बुरसटायचा आणि दोनपैकी एक संडास सुरुवातीला शिधा ठेवायला वापरायचे. (रांगेची कल्पना करा!)

छोट्या गस्तीला मात्र मेकॅनिकच. सर्वात वाईट पर्याय म्हणजे पहाऱ्यावरचा खलाशी शेगडीपुढे उभा करणं: विमान दिसायला उशीर होतो आणि बुडी मारायचे सेकंद हातचे जातात.