फादर्स डे बुफे, बाणेर: मसालेभात झकास, बाकी बापाचं काही खरं नाही

हॉटेलचं नाव मुद्दाम लिहित नाहीये, बाणेरचे लोक ओळखतीलच. 15 जूनला (2025) रविवार होता, फादर्स डे, बायकोने आठवडाभर आधीच टेबल बुक करून ठेवलेलं. आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, आई, बाबा, आणि आमची आठ महिन्यांची पोरगी. 899 पर हेड, वर टॅक्स, आणि 'डॅडला एक बिअर फ्री'. आमचे बाबा टेल्कोत पिंपरीला आयुष्यभर शिफ्ट करून रिटायर झालेले, चहाच्या पलीकडे कधी गेले नाहीत, त्यांनी विचारलं बिअरच्या बदल्यात ताक मिळेल का, तर म्हणे ऑफरमध्ये नाही. बरं.

दारातच एक पोरगी 'सुपर डॅड' लिहिलेला पट्टा आणि काडीवर चिकटवलेली पुठ्ठ्याची मिशी घेऊन फोटोला उभी. बाबांना स्वतःच्या ओरिजिनल झुपकेदार मिशा आहेत, तरी त्यांच्यावर पुठ्ठ्याची मिशी धरायला लावली, तो फोटो आता फॅमिली ग्रुपवर फिरतोय. जाता जाता बाबांनी विचारलंच, हा दिवस कुणाच्या पंचांगातला? अमेरिकेतल्या स्पोकेनला एका बाईने 1910 साली सुरू केला, तिच्या वडिलांनी बायको गेल्यावर एकट्याने सहा पोरं वाढवली म्हणून, एवढं मला माहीत होतं ते मी सांगितलं. बाबा म्हणाले, मग त्या माणसाला द्या पट्टा, मी तुला दोनदा शाळेत सोडलं असेल. आई लगेच म्हणाली, एकदाच, आणि तेही चुकीच्या शाळेत. आपल्याकडे पिठोरी अमावस्येला आईचा दिवस आहे, बापाला डायरेक्ट सर्वपित्री, त्यासाठी आधी जावं लागतं, हे पण बाबांचंच.

जेवणाचं बोलायचं तर मसालेभात खरंच सुंदर होता, तोंडली आणि काजू दोन्ही दिसत होते, वर खोबरं-कोथिंबीर, मी तीनदा घेतला. पनीर टिक्का रबरी. लाइव्ह पास्ता काउंटरला एवढी लाईन की शनिवारवाड्याचं तिकीट लवकर मिळेल. आमरस डब्यातला होता, बाबांनी एका चमच्यात ओळखला. जिलबी गार. आईने गुपचूप दहीभात कालवून घेतला आणि सगळ्यात सुखी तीच होती.

आता मेन गोष्ट. पोरीने मधेच डायपर भरवला, बायको नुकती ताट घेऊन बसलेली, म्हटलं बस तू, मी जातो. जेंट्समध्ये गेलो तर बाळाला ठेवायला जागाच नाही, बेसिनच्या बाजूला इतका ओला ओटा की भांडी पण ठेवू नयेत. मॅनेजरला विचारलं, तो म्हणाला सर चेंजिंग टेबल लेडीज वॉशरूममध्ये आहे, मॅडमना सांगा ना. मी म्हटलं अहो आज फादर्स डे आहे ना तुमच्याकडे. तो हसला. त्याला वाटलं मी जोक केला. भिंतीवर दोन हात उंच अक्षरात 'बेस्ट डॅड एव्हर' आणि बापाला पोरीचं ढुंगण धुवायला जागा नाही!

शेवटी पोरीला घेऊन पार्किंगमध्ये गेलो, पावसाची रिपरिप चालू. मागून बाबा आले छत्री घेऊन. गाडीच्या मागच्या सीटवर त्यांनी खिशातला मोठा रुमाल अंथरला, आणि दार उघडं ठेवून छत्री धरून उभे राहिले, स्वतः अर्धे भिजत. माझे लंगोट त्यांनी कधी बदलले नाहीत, फर्स्ट शिफ्टला पहाटे कंपनीची बस यायची, ते निघायचे तेव्हा मी झोपलेलो असायचो. मी टेप उलटी लावली तर म्हणाले, अरे चित्र पुढे येतं. म्हटलं तुम्हाला कसं माहीत, तर म्हणाले, तुम्ही दोघं ऑफिसला असता तेव्हा काय ती स्वतः बदलते?

परत आलो. बिल वेटरने न विचारता बाबांच्या पुढ्यात ठेवलं, बुकिंग बायकोच्या नावावर असून. बाबांनी चष्मा लावला. 3596 वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज. बुफे आहे, ताटं आम्हीच उचलून आणली, सेवा कोणी केली, असं इतक्या शांतपणे विचारलं की मॅनेजरकडे उत्तरच नव्हतं. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असतो, नको म्हटलं तर काढावाच लागतो, ग्राहक प्राधिकरणाची 2022 ची गाईडलाईन आहे, दिल्ली हायकोर्टाने मार्च 2025 मध्ये ती कायम पण ठेवली. काढला. पाच टक्के जीएसटी धरून 3775 आणि वर काही पैसे. बाबा पाकीट काढेपर्यंत मी यूपीआय करून टाकलं, त्यावर ते घरी येईपर्यंत फुगून होते.

एक वेटर पोरगा मात्र फार चांगला, न सांगता पोरीसाठी कोमट पाणी आणून दिलं, टीप त्याच्याच हातात दिली.

तीन स्टार. ते टेबल लेडीजमधून काढून बाहेर पॅसेजमध्ये लावा, परत येऊ, साध्या मंगळवारी पण चालेल. आणि ताक ठेवा.