मुलांचं फुटबॉल साहित्य: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

हात आखडता असेल तर बहुतेक पैसे बुटांवर घाला. जर्सी-शॉर्ट्स साधी चालतात. ब्रँडच्या आधी तळवा बघा. एफजी (फर्म ग्राउंड) बुटांचे लांब स्टड, म्हणजे तळव्याखालचे खुंट, नैसर्गिक गवतासाठी असतात. कृत्रिम टर्फवर ते रुततात, वळताना पाय अडकतो आणि गुडघ्यावर ताण येतो. टर्फ किंवा कडक, कोरड्या मैदानासाठी बारीक रबरी स्टडचे टीएफ (टर्फ) बूट घ्या.

माप खेळाचे मोजे घालूनच बघा. अंगठ्यापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा पुरे. 'पुढच्या वर्षीही होतील' म्हणून दोन नंबर मोठे घेतले की टाच आत सरकते, फोड येतात, चेंडूवरचा ताबाही जातो.

स्वस्त बुटांचा सोल बहुधा पुढच्या टोकाशी आधी उकलतो. दुकानातच बूट वाकवून बघा: घडी बोटांच्या सांध्याशी पडायला हवी. मधोमध पडली तर तो जोड खुशाल परत ठेवा. चिकटवून वर शिवलेला सोल जास्त टिकतो.

शिनगार्ड सामन्यात सक्तीचे. स्वस्तातले चालतील, पण नडगी नीट झाकायला हवी.

चेंडू साधारणपणे आठ वर्षांखाली 3 नंबरचा, बारापर्यंत 4, पुढे 5. चेंडूच्या आतली हवेची पिशवी, म्हणजे ब्लॅडर, ब्यूटाइल रबराची असेल तर हवा जास्त दिवस धरते. पंपाची सुई ओली करूनच घाला. कोरड्या सुईने व्हॉल्व्ह फाटतो.

बजेट मोठं असलं तरी सर्वांत महागडं मॉडेल वाढत्या पायासाठी नको. मधल्या श्रेणीचे बूट घेऊन उरलेल्या पैशांत दुसरा चेंडू घ्या.